गेरूखालचा थर

युसूफ मिस्तरी एका पायात चप्पल घालून घरी आला, आणि दुसरी कुठे राहिली हे त्याला सांगता येईना. खतीजाबी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

"एक चप्पल कुणाला खैरात केली?"

त्याने खाली पाहिलं. डावा पाय धुळीने पांढरा झाला होता. टाचेला कशाने तरी कापलं होतं आणि रक्त तिथल्या तिथे वाळून गेलं होतं. गॅरेजपासून घरापर्यंत रस्त्याचं काम चालू होतं, सगळीकडे गिट्टी पसरलेली होती, आणि त्या गिट्टीवरून तो तसाच चालत आला होता.

"निसटली असंल," तो म्हणाला.

"निसटली ते कळलं न्हाई?"

"न्हाई."

खतीजाबीने सूप बाजूला ठेवलं, पाणी आणलं आणि त्याचा पाय धुतला. टाचेतला खडा काढताना तिने वर पाहिलं, हा कळवळतो का म्हणून. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिला समजायचं ते समजलं.

बोटांचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही. नांदेडच्या डॉक्टरने साखर सांगितली तेव्हाच म्हटलं होतं की पायापासून सुरू होतं, मग हाताला येतं, जपा. हाताला ते आधीच येऊन बसलं होतं. कोणी झोपेत मोजे चढवावेत आणि सकाळी ते काढायचे राहून जावेत, तसं त्याला वाटायचं. नट हातातून पडला की आवाज आल्यावरच कळायचं. कपातला चहा ऊन आहे की निवलाय, हे तो खतीजाबीला विचारून घ्यायचा. भीती वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण ती वाटत नव्हती. बोटांच्या मागोमाग तीही कुठेतरी निघून गेली होती.

पत्र्याचं आणि रंगाचं काम करणाऱ्या माणसाचा तळवा गेला म्हणजे काय गेलं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पोचा काढला की मिस्तरी डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवतो. डोळ्याला जे सपाट दिसतं ते हाताला खड्डा लागतं. कळमनुरीत नांदेड रस्त्यावर युसूफचं गॅरेज होतं, आणि त्याच्या हातावर लोकांचा भरवसा होता. पुढचं सगळं त्या भरवशावर चालायचं होतं. हात गेला हे एकदा बाहेर फुटलं की शटर खाली ओढायचं, एवढाच हिशेब होता. म्हणून तो कोणाला सांगत नव्हता.

नेमकी तेव्हाच ती गाडी आली.

सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावच्या मोठ्या शेतमालकाची ती गाडी. म्हातारे मालक केव्हाच वारले होते. त्यांची नात राजनंदिनी पुण्याला नोकरी करायची. तिने गाडी ताडपत्रीत गुंडाळून टेंपोवर टाकून आणली. विलायती, दोन माणसं बसतील एवढीच, टप नसलेली, नाक लांब आणि बूड आखूड. टेंपोवाला रणजीत उतरवताना म्हणाला, "मिस्तरी, यात सोयाबीनचं एक पोतं बी बसत न्हाई. मालकानं कशाला घेतली असंल?"

"वारं खायला," युसूफ म्हणाला.

राजनंदिनी हसली. तिला गाडी चकचकीत करून नको होती. तिला खालची बाजू हवी होती. युसूफला आधी नीट कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

"वरून सगळ्याच जुन्या गाड्या रंगवलेल्या असतात, चाचा. लोक बघतात ना, म्हणून वरचं बदलतात. खाली कोणी वाकून बघत नाही. म्हणून कंपनीने जसं लावलं तसं कुठे राहिलंच असेल तर ते खालीच राहतं. तळाच्या पत्र्याला कंपनीचं विटकरी अस्तर, म्हणजे प्रायमर, असतं. वरचा क्रीम रंग मारताना कडेकडेने त्याचा फवारा खाली उडालेला असतो, धुक्यासारखा. ते खरं आहे का, हे आधी बघायचं. असेल तर जपायचं. नसेल तर नसेल, नवीन काही लावायचं नाही."

तिने मोबाइलवर दुसऱ्या अशाच गाडीचे फोटो दाखवले. पत्रा, नळ्या, पाटे, सगळं जुनाट आणि डागाळलेलं. युसूफला वाटलं, असं काम त्याने करून दिलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं. या पोरीला ते पाहिजे होतं.

गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर चढवली. युसूफ खाली उतरला, तारेच्या जाळीतला दिवा वर धरला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"चाचा? काय आहे?"

"ताई, तुमीच या खाली."

ती उतरली. वर सगळा पोळा भरला होता. स्प्रिंगचे पाटे निळे आणि पिवळे, एकाआड एक. मागचा आख हिरवा. पेट्रोलची टाकी लालभडक हिंगुळी, तिच्यावर पिवळे ठिपके. तळाच्या पत्र्यावर निळ्यावर हिरवा, हिरव्यावर लाल, असे जाड थर. एका कोपऱ्यात बेगडाचा तुकडा अजून चिकटलेला होता.

"हे कोणी केलं?" राजनंदिनी म्हणाली. मग तिचं तिलाच आठवलं. "संतरामकाका."

संतराम त्यांच्या घरी सालगडी होता. तिने दुसऱ्याच दिवशी त्याला जीपने बोलावून घेतलं. म्हातारा आता वाकला होता, पण टोपी कडक होती आणि जीभ त्याहून कडक. खड्ड्याच्या कडेला उकिडवं बसून त्याने खाली डोकावून पाहिलं, आणि आपल्या हाताखालचं जनावर बाजारात पुन्हा भेटावं तसा त्याचा चेहरा झाला.

"व्हय, म्याच रंगवली. मंग कोन रंगवंल? मालक आजारी पडले, गाडी गोठ्यात आनून लावली. मालक म्हनले, संतराम, आता हे बी तुझ्याच दावनीचं. पोळ्याला बैलं धुतली, शिंगं रंगवली, अन् हिला काहून सोडावं? हिनं काय पाप केलं?"

"वरून का नाही रंगवलीत, काका?"

"वरून मालक वरडले असते की!" संतराम म्हणाला. "खालून कोन बघतंय? चाकाखालून घुसायचो अन् उरला रंग फासून टाकायचो. शिंगाला जो रंग, तोच हिला. मालक गेले तरी म्या सोडलं न्हाई. गुडघे गेले तवा थांबलो."

युसूफने विचारलं, "सगळ्यात खाली कोनता लावला व्हता, मामा? पहिल्या वर्षी?"

संतरामने टोपी मागे सारली. "पहिल्या वर्षी डब्बे कुठले आनता? गेरू व्हता. जवसाच्या तेलात कालवला अन् फासला. चांगला दोनदा फासला."

राजनंदिनीने युसूफकडे पाहिलं. युसूफलाही तेच कळलं होतं. गेरू विटकरी, आणि त्याच्या खाली कंपनीचं अस्तर असेल तर तेही विटकरी.

"पण काका," राजनंदिनी हळू म्हणाली, "तुमच्या रंगामुळेच खालचं टिकलं असेल. गंज लागलाच नाही."

"मंग? इनाम द्या की," संतराम म्हणाला आणि चहा मागितला.

काम सुरू झालं. वरचे थर सोपे होते. टर्पेंटाइनचा बोळा लावून ठेवायचा, थर मऊ पडला की शाळकरी पोरांच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू लोटायचा. लाल गेला की हिरवा दिसायचा, हिरवा गेला की निळा. डोळ्याला सगळं कळत होतं. संतरामने कधी सलग सहा-सात वर्षं एकच निळा वापरला होता, कधी दरसाल रंग बदलला होता. एका थरात बैलाचा पांढरा केस अडकलेला सापडला. युसूफने तो पुसून टाकला आणि पुढे सरकला.

अडचण शेवटच्या थराला होती. गेरू कुठे संपतो आणि अस्तर कुठे सुरू होतं, हे डोळ्याला दिसत नव्हतं. दिव्याखाली दोन्ही सारखेच. हाताला मात्र फरक होता, असणारच. तेलात कालवलेला गेरू भुसभुशीत राहतो, त्यात नख रुततं. कंपनीचं अस्तर भट्टीत भाजलेलं, ताटासारखं घट्ट. चार वर्षांपूर्वीचा युसूफ डोळे मिटून सांगू शकला असता.

त्याने बोट फिरवलं. काही लागलं नाही. दुसरं फिरवलं. मग त्याने डोकं वर केलं, मान तिरपी केली आणि गाल पत्र्याला लावला.

गालाला कळलं. गाल अजून त्याचाच होता. गेरू खरखरीत लागायचा, सारवलेल्या भिंतीला टेकल्यासारखा. अस्तर गार आणि गुळगुळीत लागायचं. कोपऱ्यात जिथे गाल पोचत नव्हता तिथे तो ओठ टेकवायचा. एक हातभर जागा अशी मोकळी झाली, आणि तिच्या कडेला क्रीम रंगाचा फवारा खरोखरच उडालेला दिसला, धुक्यासारखा. त्याने मोबाइलवर फोटो काढून राजनंदिनीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. ती काय काय बोलत होती. युसूफ "व्हय ताई, व्हय" म्हणत राहिला. आनंद व्हायला पाहिजे, हे त्याला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रणजीत क्लचची केबल घेऊन आला आणि खड्ड्याच्या तोंडाशी थबकला.

"आरं देवा! मिस्तरी, गाडीचा मुका घेऊन राहिले का?"

युसूफने ओठ पत्र्यावरून काढले.

"चालू द्या, चालू द्या," रणजीत म्हणाला. "खतीजाबी चाचीला सांगत न्हाई म्या. पन विलायती हाय, जपून ऱ्हावा."

शेजारच्या पंक्चरवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत ती गोष्ट संध्याकाळच्या आत पोचली. लोक हसले, तेही प्रेमानेच. कोणी वाईट बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी युसूफ खड्ड्यात उतरला तेव्हा वर कोणाच्या तरी चपलांचा आवाज आला, आणि त्याची मान वर गेलीच नाही. टर्पेंटाइनने ओठ सोलून निघाला होता, गालावर पुरळ उठलं होतं, ही कारणंही होती. ती नसती तरी त्याने दुसरी शोधली असती. आज हा ओठ का लावतो हे विचारतील, उद्या बोटांना काय झालं हे विचारतील.

त्या दिवशी त्याने डोळ्यावर भागवलं.

ड्रायव्हरच्या बाजूचा तळाचा पत्रा होता. निळा गेला, विटकरी दिसला. हा गेरू, त्याने मनाशी म्हटलं. दोनदा फासलाय म्हणून जाड असणार. बोळा लावला, पट्टीने लोटलं. थोडं निघालं, मग निघेना. संतरामने तेल जास्त घातलं असेल म्हणून चिवट झालाय, असं त्याला वाटलं. पट्टी ठेवून त्याने पोलादी पात घेतली. पात चांगली चालत होती. विटकरी भुकटी त्याच्या मनगटावर, गळ्यावर, डोळ्यांवर पडत होती. त्याने चष्मा पुसला, पुन्हा दिवा धरला आणि खरवडत राहिला.

पत्रा चमकला तेव्हा त्याचा हात थांबला.

दोन परातींएवढा पत्रा उघडा पडला होता. गेरू गेला होता, आणि गेरूखालचंही गेलं होतं. कंपनीच्या भट्टीने भाजलेलं आणि संतरामच्या पोळ्याने इतकी वर्षं राखलेलं अस्तर भुकटी होऊन युसूफच्या चष्म्यावर बसलं होतं.

तो खड्ड्यातल्या पाटावर बसून राहिला. वर रस्त्यावरून एसटी गेली, तिचा धक्का भिंतीला लागला. छातीत काहीतरी व्हावं, घाम फुटावा, अशी तो वाट बघत होता. काही झालं नाही.

खतीजाबी डबा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"जेवन वर येऊन करता का तिथंच वाढू?"

"खाली ये जरा."

"मी? त्या भोकात?"

"ये. पायरी हाय डाव्या अंगाला."

ती साडी सावरत, अल्लाचं नाव घेत उतरली. दोघांना उभं राहायला जेमतेम जागा होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "या बया, खालून तर नवरीच हाय!"

"हात लाव. इथं."

तिने उघड्या पत्र्याला हात लावला. "पत्रा हाय."

"अन् हे?"

"हे बी गार हाय, पन पत्रा न्हाई. ताटलीवानी लागतं. इनॅमलची असती ना, तशी."

"अन् हे इकडचं?"

"हे चूल सारवल्यावानी," ती म्हणाली आणि बोट नाकाजवळ नेलं. "तेलाचा वास येतो. जवस हाय का?" मग तिचा हात खाली आला. "मला काहून विचारून राहिले? तुमच्या हाताला कळत न्हाई का?"

युसूफने चष्मा काढला आणि पुसायला लागला.

"न्हाई."

"कवापासून?"

"चपलेच्या आधीपासून."

खतीजाबीने त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणून चहा ऊन हाय का, चहा ऊन हाय का. मला वाटलं म्हातारपनी लाड करून घेऊन राहिला हा मानूस." तिने त्याच्या उजव्या हाताची करंगळी आपल्या बोटांत धरून दाबली. तिचे ओठ घट्ट मिटले, म्हणजे तिने जोरात दाबली असणार. "न्हाई?"

"न्हाई."

"हं," ती म्हणाली आणि करंगळी सोडून दिली. "मला सांगायचं. गावाला न्हाई, मला तरी सांगायचं व्हतं." पदराने तिने त्याच्या गळ्यावरची विटकरी भुकटी झटकली. "आता याचं काय? पोरीला काय सांगनार? रंग मारा ना त्याच्यावर. तुमच्यासारखा रंग मिळवनारा हिंगोलीत न्हाई, हे तर लोकच म्हनतात."

हे खरं होतं. जेवण झाल्यावर त्याने डबे उघडले. तांबडा, काळा, थेंबभर पिवळा. एका टाकाऊ पत्र्यावर हात मारला आणि दिव्याखाली वाळवला. पहिला फिका आला, दुसरा जुळला. तो तुकडा अस्तराशेजारी धरला तेव्हा कडा दिसत नव्हती. डोळा अजून शाबूत होता. क्रीम रंगाचा फवाराही त्याला मारता आला असता. राजनंदिनीला कळलं नसतं, फोटो बघणाऱ्या लोकांना कळलं नसतं.

मग त्याने एक हात तुकड्यावर ठेवला आणि दुसरा कंपनीच्या अस्तरावर. दोन्ही हात सारखेच राहिले. एकावर खरं होतं, एकावर त्याने आत्ता कालवलेलं होतं, आणि दोन्ही तळव्यांना काहीच लागत नव्हतं. आज हे रंगवलं तर यातलं खरं कोणतं, हे उद्या त्याला स्वतःलाही शोधता येणार नाही. मग त्याने डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

राजनंदिनी शनिवारी आली. तिने पुण्याहून पेढे आणले होते. युसूफने ते हातात घेतले नाहीत.

"ताई, आधी खाली बघून घ्या."

ती खड्ड्यात उतरली. वरून त्याला फक्त तिचं डोकं आणि दिव्याचा उजेड दिसत होता. उजेड मोकळ्या केलेल्या जागेवरून फिरला, फवाऱ्यापाशी रेंगाळला, मग पलीकडे सरकला आणि एका जागी थांबला.

"चाचा, इथे काय झालं?"

"माझ्या हातून गेलं. गेरू समजून अस्तर काढलं."

"पण पहिलं तर इतकं बरोबर..." तिने उघड्या पत्र्यावरून बोट फिरवलं, त्याच्या कडेवरून फिरवलं, मग शेजारच्या गेरूवरून फिरवलं. "हे मलाही कळतंय. हे मऊ आहे आणि हे कडक. मला कळतंय तर तुम्हाला कसं नाही कळलं?"

सगळ्यांनाच कळत होतं. खतीजाबीला कळलं, या पोरीला कळलं, संतरामला विचारलं असतं तर त्यालाही कळलं असतं. तीस वर्षं ज्याच्या हातावर लोक गाड्या सोडून जात होते, त्यालाच फक्त कळत नव्हतं.

"माझी बोटं गेलीत, ताई," तो म्हणाला. "साखरेनं. पहिलं काम मी गालानं केलं. नंतर लाज वाटली."

ती वर बघत राहिली. शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता, त्याने मान वळवली. युसूफने आवाज खाली घेतला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला तेही कळलं.

"काम घ्यायच्या आधी सांगायचं होतं तुम्ही," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यातलं आधीचं आपलेपण गेलं होतं. "हे परत येत नाही, चाचा. हे एकदाच लागतं."

"व्हय."

"आता रंग मारता येईल का तसाच?"

"येतो." त्याने कोपऱ्यातला रंगवलेला तुकडा आणून तिला दिला. तिने तो अस्तराशेजारी धरला आणि बराच वेळ बघितलं.

"हुबेहूब आहे."

"व्हय. म्हणूनच मारला न्हाई. तुमी म्हनले व्हते, नवीन काही लावायचं न्हाई."

राजनंदिनी खड्ड्यातून वर आली आणि टायरवर बसली. दोन-तीनदा मोबाइल काढला, परत ठेवला.

"पुण्यात एक वर्कशॉप आहे," शेवटी ती म्हणाली. "ते म्हणाले होते, वाळू मारून सगळंच साफ करतो, मग नवीन लावतो. म्हणूनच मी इकडे आले. मला वाटलं, हाताने काम करणारा माणूस हवा." तिने पुन्हा खड्ड्याकडे पाहिलं. "आता काय करू?"

"गाडी न्या," युसूफ म्हणाला. "तुमाला अडवायला मला तोंड न्हाई."

"तुमी गप बसा," खतीजाबी मागून म्हणाली. ती शटरपाशी उभी होती. "पोरी, ऐक. बोटं यांची गेली, माझी न्हाई गेली. चाळीस वर्षं शेवया वळल्या, एक शेवई जाड गेली तर बोटाला कळतं. मिस्तरी मी न्हाई, मला यातलं काहीच येत न्हाई. बोळा किती ठेवायचा, पट्टी कशी धरायची, हे सांगतील. हात माझा. मऊ लागलं तर लोटते, कडक लागलं की थांबते. एवढंच काम हाय ना?"

"एवढंच आहे," राजनंदिनी म्हणाली. "तेवढंच कठीण आहे."

"मंग एक तुकडा करून दाखवते. पटलं तर ठेव, न्हाई तर रणजीतला टेंपो घेऊन बोलाव."

तिने पदर खोचला आणि खाली गेली. राजनंदिनीही तिच्यामागे उतरली. युसूफ कडेला बसून सांगत राहिला: बोळा पिळून घे, दाबू नको, पट्टी आडवी धर. खालून दोघींचे आवाज येत होते. राजनंदिनीने एकदा म्हटलं, "इथे अजून मऊ आहे, चाची." खतीजाबी म्हणाली, "लागलं मला, जरा दम धर."

तळहाताएवढा तुकडा झाला तेव्हा चहा दोनदा गार झाला होता. राजनंदिनीने त्यावरून हात फिरवला, फोटो काढला आणि वर आली.

"मागचा भाग राहिलाय. आखाजवळचा, टाकीवरचा. तिथे फक्त बोटंच जातील," ती म्हणाली. "गाडी इथेच राहू द्या. तो उघडा पत्रा तसाच ठेवा, नुसतं तेल लावा, गंज नको. कोणी विचारलं तर मी सांगेन काय झालं ते. पण काम चाचींच्याच हाताने. तुम्ही पट्टी धरायची नाही, चाचा. तेवढं कबूल करा."

"कबूल," युसूफ म्हणाला.

ती निघून गेली. पेढ्यांचा पुडा टायरवर तसाच राहिला. पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढली, पुसली, आणि युसूफकडे न बघता विचारलं, "मिस्तरी, चहा सांगू का?"

"सांग," युसूफ म्हणाला.

सोमवारपासून खतीजाबी रोज सकाळी चूल उरकून यायला लागली. पहिले काही दिवस रस्त्यावरून जाणारे थांबायचे. खड्ड्यात बाई आणि काठावर मिस्तरी, असं कळमनुरीत कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या गाड्यांचं काम येणं कमी झालं. जुनं गिऱ्हाईक दोघं-तिघं वाकून नमस्कार करून पुढच्या गॅरेजला गेले. युसूफने त्यांना हाक मारली नाही.

मागच्या आखाच्या वर, पाटे जिथे चॅसीला अडकवलेले असतात, तिथली जागा सगळ्यात अवघड होती. हात कोपरापर्यंत आत घालावा लागायचा आणि डोळ्याला काहीच दिसायचं नाही. खतीजाबी डोळे मिटून काम करत होती. युसूफ कडेला आडवा पडून दिवा धरून होता.

"विटकरी लागलं का?" त्याने विचारलं.

"मला रंग कुठं दिसतो? मऊ हाय."

"मंग लोट. हळू."

पट्टीचा आवाज आला. थोडी भुकटी तिच्या कपाळावर पडली.

"आता?" ती म्हणाली.

त्याने मान लांब करून आत बघायचा प्रयत्न केला. अंधारात काही दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"मला काय विचारती? तुला कसं लागतं?"

खतीजाबीने डोळे आणखी घट्ट मिटले. तिचं बोट आत फिरत असावं, कारण तिचा दंड हळूहळू हलत होता.

"गार," ती म्हणाली. "थांबले मी."

"बराबर."

तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि पुढच्या जागेकडे सरकली.

"दिवा जरा इकडं धरा."

त्याने दिवा तिकडे धरला.